सभागृहातला हशा आणि त्यामागचं वाचन

नीरक्षीर (धागाकर्ता)

मंडळी,

पुढाऱ्यांच्या विनोदाचा विषय निघाला की मोबाइलवर फिरणारे तेच ते आठ-दहा किस्से पुढे येतात. एकच कोटी कधी अत्र्यांच्या नावावर, कधी आणखी कुणाच्या. ऐकायला मजा येते, पण हा माणूस सभागृहात उभा राहिला तेव्हा त्याच्याजवळ वाचनाची शिदोरी किती होती आणि ऐन वेळी ती कशी कामाला आली, हे त्यातून कळत नाही. मला त्याबद्दल बोलायचं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं : सभागृहात टिकून राहिलेला विनोद नुसत्या हजरजबाबीपणातून आलेला नाही. विषयाची तयारी आणि वर्षानुवर्षांचा व्यासंग असलेल्या माणसालाच तो साधला. आणि त्याचा अस्सल पुरावा छापील कार्यवृत्तात मिळतो. संविधान सभेचे वादविवाद बारा खंडांत छापलेले आहेत आणि आज घरबसल्या वाचता येतात. मी गेले काही महिने तेच वाचतो आहे आणि अक्षरशः भारावून गेलो आहे.

पहिला प्रसंग डिसेंबर १९४६ चा. १३ तारखेला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीग सभागृहात आलेली नव्हती. बॅ. मुकुंदराव जयकरांनी उपसूचना आणली की लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत हा ठराव पुढे ढकलावा. सभागृहाला ते रुचलं नाही. अशा तापलेल्या हवेत १७ तारखेला अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी डॉ. आंबेडकरांचं नाव पुकारलं. आंबेडकर उठले आणि आधी स्पष्ट सांगितलं की आपल्यापुढे वीस-बावीस नावं आहेत, तेव्हा पाळी उद्या येईल अशी समजूत होती, आज काही तयारी करून आलेलो नाही.

हे 'तयारी नसलेलं' भाषण प्रत्येकाने एकदा तरी वाचावं. आज आपण राजकीय, सामाजिक, आर्थिक दृष्ट्या दुभंगलेले आहोत, एकमेकांशी लढणाऱ्या छावण्या आहोत, असं ते म्हणतात आणि लगेच कबूल करतात की अशाच एका छावणीचा बहुधा मीही एक पुढारी आहे. ज्या काँग्रेसशी उभी हयात भांडण झालं, तिच्याच बाकांसमोर उभं राहून स्वतःला असं आरोपीच्या पिंजऱ्यात आणून ठेवल्यावर समोरच्याचा राग कुठे टिकणार? मग मुद्दा येतो. असा ठराव करायचा अधिकार तुम्हाला आहे का हा प्रश्न नाही, तो करणं शहाणपणाचं आहे का हा प्रश्न आहे. अधिकार वेगळा, शहाणपण वेगळं. आणि इथे ते एडमंड बर्कचा उतारा काढतात. अमेरिकन वसाहतींशी समेट करावा म्हणून बर्क १७७५ मध्ये ब्रिटिश संसदेत बोलला होता, त्यातला. बळाचा वापर तात्पुरता असतो. त्याने घटकाभर दबवता येतं, पण पुन्हा दबवण्याची गरज संपत नाही. जे राष्ट्र सतत जिंकत राहावं लागतं, त्यावर राज्य चाललंय असं म्हणता येत नाही.

काय निवड आहे बघा! मुसलमानांच्या प्रश्नावर बळाची भाषा मनात असणाऱ्यांना हे सांगायचं होतं. नुसतं स्वतःच्या तोंडून सांगितलं असतं तर गदारोळ झाला असता. इंग्रजांनीच इंग्रजांच्या संसदेत सांगितलेलं, आणि ते न ऐकल्यामुळे अमेरिका गमावलेली, हे सगळं सभागृहातल्या बॅरिस्टर मंडळींना ठाऊक होतं. उताऱ्यानंतर तेच स्वतःच्या शब्दांत सांगायला मग अडचण उरली नाही. ठराव तेव्हा मंजूर झाला नाही, तो २२ जानेवारी १९४७ ला झाला.

दुसरा प्रसंग २५ नोव्हेंबर १९४९ चा. समारोपाच्या या भाषणातली शेवटची पानं सगळ्यांना माहीत आहेत. सुरुवातीची फारशी कुणी वाचत नाही. मसुदा समितीवर दोन आरोप होते : एक, फार वेळ घेतला, दोन, सारखे निर्णय बदलले. नझिरुद्दीन अहमद यांनी तर 'ड्राफ्टिंग कमिटी'ला 'ड्रिफ्टिंग कमिटी', म्हणजे वाहवत जाणारी समिती, असं नाव ठेवलं होतं. आंबेडकर आधी आकडे मांडतात. समिती १४१ दिवस बसली. पहिला मसुदा ३१५ कलमांचा होता, शेवटी संविधान ३९५ कलमांचं झालं. दुरुस्त्या आल्या ७,६३५, प्रत्यक्ष मांडल्या गेल्या २,४७३. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका यांना किती वेळ लागला तेही सांगतात. ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं लागली होती. एवढी मांडणी झाल्यावर मग त्या कोटीला उत्तर येतं. ते साधारण असं : गळ टाकून मासा लागतो का बघत बसण्यातला हा प्रकार नव्हता, माहितीच्या पाण्यात, हवा तोच मासा आम्ही शोधत होतो. अधिक चांगल्याच्या शोधात असणं म्हणजे वाहवत जाणं नव्हे. अहमद यांनी स्तुती म्हणून हे म्हटलं नसेल, पण मी ती स्तुतीच समजतो.

आकड्यांआधी हे वाक्य आलं असतं तर ती नुसती टोलवाटोलवी ठरली असती. आकड्यांनंतर आलं म्हणून ते उत्तर झालं. माझा सगळा धागा या एका क्रमावर उभा आहे.

तुमच्या भागातले, तुमच्या वाचनातले असे लोक सांगा. ज्याला आधार आहे तेच लिहू या, ही विनंती.

---

अमरावतीकर

फार चांगला विषय. त्याच २५ नोव्हेंबरच्या भाषणात पुढे एक परिच्छेद आहे, तो सांगायलाच हवा. सगळ्या सभासदांनी पक्षशिस्त पाळून माना डोलावल्या असत्या तर हे कामकाज अगदी निरस झालं असतं, असं म्हणून आंबेडकर सभागृहातल्या 'बंडखोरां'चे नावं घेऊन आभार मानतात. त्यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत, म्हणून त्यांची किंमत कमी होत नाही, असंही सांगतात. त्या नावांत कामत आहेत, के. टी. शाह आहेत आणि आमचे डॉ. पंजाबराव देशमुख आहेत.

पंजाबरावांची ओळख शेतकऱ्यांचे नेते, शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक, देशाचे कृषिमंत्री अशी. पण त्यांनी ऑक्सफर्डला डॉक्टरेट केली ती वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऋग्वेदावर प्रबंध लिहितो, हे नुसतं म्हणायलासुद्धा छाती लागते.

विदर्भातलंच दुसरं नाव लोकनायक बापूजी अणे. वणीचे. टिळकांचे अनुयायी, १९४८ ते ५२ बिहारचे राज्यपाल, नंतर लोकसभेत. या माणसाने म्हातारपणी लोकमान्यांचं चरित्र संस्कृत महाकाव्यात लिहिलं, 'श्रीतिलकयशोऽर्णव'. ते १९६८ मध्ये वारले आणि १९७३ चा संस्कृतसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्या ग्रंथाला मरणोत्तर मिळाला. राज्यपालपदावरून उतरलेल्या माणसाने उरलेली वर्षं अशी खर्च करावीत! आज वणीत शाळकरी पोराला विचारा, अण्यांचं नाव त्याला चौकापुरतं ठाऊक असतं. मला याचं फार वाईट वाटतं.

---

मंजुघोष

विनोदाचं शास्त्र लिहिणारा राजकारणी आपल्याकडे होऊन गेला, त्याचं नाव आलंच पाहिजे. न. चिं. केळकर. टिळकांच्या मागे 'केसरी' सांभाळला, मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले, १९२१ च्या बडोदा साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आणि १९०८ मध्ये, म्हणजे टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला त्याच वर्षी, त्यांचं 'सुभाषित आणि विनोद' हे पुस्तक आलं. पुढे त्यातूनच 'हास्यविनोदमीमांसा' झालं. माणूस का हसतो, कशाला हसतो, संस्कृत साहित्यशास्त्र काय म्हणतं, युरोपातले तत्त्वज्ञ काय म्हणतात, हे राजकारणाच्या धबडग्यात बसून लिहिलंय.

१९०८ मध्येच 'काळ' साप्ताहिकाचे संपादक शिवराम महादेव परांजपे तुरुंगात गेले, १९ महिन्यांच्या शिक्षेवर. त्यांची वक्रोक्ती निव्वळ शैलीची हौस नव्हती. राजद्रोहाचं १२४-अ कलम डोक्यावर टांगलेलं असताना सरळ लिहिणं शक्य नव्हतं. म्हणून पुराणातला प्रसंग घ्यायचा, संस्कृत नाटकातलं पात्र घ्यायचं, राज्यकर्त्यांची तोंड भरून स्तुती करायची आणि वाचकाला बरोबर उलटं कळेल अशी व्यवस्था करायची. वाचकालाही ते पुराण ठाऊक असायचं, म्हणूनच ते चालायचं. सभागृहातल्या व्यासंगाबद्दल बोलताना ऐकणाऱ्यांचा आणि वाचणाऱ्यांचा व्यासंगही मोजायला हवा.

---

सरळरेषा

मतभेद नोंदवतो.

विद्वान पुढाऱ्यांचं हे कौतुक मला थोडं धोक्याचं वाटतं. प्रश्न विचारला की सुभाषित म्हणायचं, हशा पिकवायचा आणि उत्तर न देता खाली बसायचं, ही युक्तीही वाचलेल्या लोकांचीच. गावाकडे पाण्याचा टँकर आला नाही हे विचारणाऱ्याला कालिदास ऐकवून काय उपयोग? दुसरं म्हणजे, वसंतदादा पाटलांचं शालेय शिक्षण अगदी जेमतेम. पण विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी द्यायचा १९८३ चा निर्णय त्यांच्या सरकारचा. त्यावर वाद घाला, पण महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांचं आयुष्य त्याने बदललं. पदव्यांचा आणि ग्रंथांचा हिशेब मांडून नेता जोखायचा असेल तर दादांना कुठे बसवणार?

---

नीरक्षीर

सरळरेषा, तुमचा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच मी आकड्यांचा क्रम लिहिला. प्रश्न चुकवायला केलेला विनोद या धाग्यात नकोच. दुसऱ्या मुद्द्याबद्दल : पदवी हा निकष मी लावलेला नाही. व्यासंग शाळेबाहेरही होतो. वाचून होतो, तसा ऐकूनही होतो.

---

कंधारकर

ऐकून होतो, हेच लिहायला आलो.

क्रांतिसिंह नाना पाटील बघा. १९५७ ला उत्तर साताऱ्यातून आणि १९६७ ला आमच्या मराठवाड्यातून, बीडमधून, कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेवर गेले. तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत पडलेला माणूस. त्यांची भाषणं ऐकलेली म्हातारी माणसं आमच्या लहानपणी होती. नाना बोलायला लागले की लोक रात्र रात्र हलत नसत असं सांगायची. सत्यशोधक जलसे, वारकऱ्यांची कीर्तनं, तमाशातली बतावणी, हे त्यांचं विद्यापीठ. लग्नातला खर्च, सावकारी, हुंडा, सगळं गावच्या बोलीत, गावच्याच दाखल्यांनी.

आणि आमचे भाई केशवराव धोंडगे. शेतकरी कामगार पक्ष. कंधारचे अनेकदा आमदार, १९७७ ला नांदेडचे खासदार, 'जयक्रांती' साप्ताहिकाचे संपादक. विधानसभेत उभे राहिले की सत्ताधारी बाकं सावध व्हायची. त्यांचं सगळ्यात मोठं काम मला विचाराल तर गुराखी साहित्य संमेलन. ज्यांच्या हातात पाटी आली नाही त्या गुराख्यांनी रानात गायलेली गाणी, म्हटलेल्या ओव्या, घातलेली कोडी हे साहित्य आहे, असं ठणकावून त्यांनी गुराखीगडावर संमेलनं भरवली. अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, ठराव, सगळं रीतसर. याला व्यासंग म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

---

मंजुघोष

कंधारकर, प्रतिसाद फार आवडला. गुराखी संमेलनाबद्दल वेगळा धागा काढा, आम्ही वाट बघतोय.

---

चंद्रभागा

कीर्तनाचा विषय निघालाच आहे म्हणून. साठच्या दशकात महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांच्या अध्यक्षीय खुर्च्यांवर संतसाहित्यात मुरलेली माणसं बसलेली होती. विधानसभेत १९६२ ते ७२ बाळासाहेब भारदे, विधान परिषदेत १९६० ते ७८ वि. स. पागे. भारदे शेवगावचे, गांधीवादी, बोलणं कीर्तनकाराच्या ढंगाचं. अनुप्रास, कोट्या, अभंगाचा चरण, दृष्टांत, आणि त्यातून सभासदाला टोचेल पण घायाळ होणार नाही असा चिमटा.

पाग्यांबद्दल थोडं जास्त लिहिते. आज सगळा देश ज्या रोजगार हमीबद्दल बोलतो तिची कल्पना या माणसाची. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला त्यांनी आधी प्रयोग करून पाहिला, १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली, १९७७ ला विधिमंडळाने कायदा केला. हाताला काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे, हा त्या कायद्याचा गाभा. ज्ञानेश्वरी-गाथा वाचणारा माणूस योजनेचा मसुदा लिहायला बसतो तेव्हा काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण माझ्यापाशी नाही. सरळरेषा, टँकरवाल्या प्रश्नाला हे उत्तर चालेल का?

---

सरळरेषा

चंद्रभागाताई, चालेल. पाग्यांचं काम मला माहीत होतं, त्यांचं संतसाहित्य माहीत नव्हतं. धन्यवाद.

---

शब्दाली

एवढे प्रतिसाद झाले, एकाही बाईचं नाव नाही. ते मी घेते.

मृणाल गोरे. नगरसेवक, आमदार, खासदार. गोरेगावच्या पाण्यासाठी लढल्या म्हणून 'पाणीवाली बाई'. १९७२ ला महागाईविरोधात बायकांनी लाटणी घेऊन मोर्चा काढला, त्यात त्या आणि अहिल्याताई रांगणेकर पुढे होत्या. लाटणं! स्वयंपाकघरातली रोजची वस्तू रस्त्यावर आणली आणि एका क्षणात सगळ्या वर्तमानपत्रांना बातमी कळली. १९७७ च्या निवडणुकीत मृणालताई मुंबईतून जिंकल्या, तिकडे इंदिरा गांधी रायबरेलीला हरल्या, आणि मुंबईत घोषणा घुमली : 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!' ही ओळ कुण्या कवीच्या वहीतून आलेली नाही, पण यमक, उलटापालट, नेमकेपणा, काय कमी आहे तिच्यात? जात्यावरच्या ओव्या आणि उखाण्यांवर वाढलेल्या समाजालाच अशी ओळ सुचते आणि तोंडी बसते. तेव्हा विनोदाची परंपरा सभागृहाच्या दाराशी थांबवू नका.

---

प्रीतिसंगम

शब्दालीताई, बाईंचं नाव निघालंच आहे तर कराडचं १९७५ चं साहित्य संमेलन आठवू या. आणीबाणी लागून सहा महिने झालेले. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि ते तेव्हा इंदिराजींच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री. दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्यावर घाला आल्याचं भर मांडवात सांगितलं आणि आजारी जयप्रकाशांसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला लावली. यशवंतराव व्यासपीठावर न बसता श्रोत्यांत बसले होते. गावही त्यांचं आणि संमेलनाचे यजमानही तेच.

यशवंतरावांवर टीका करण्यासारखं बरंच आहे आणि आणीबाणीतलं त्यांचं गप्प राहणं मला आजही खटकतं. तरी साहित्यिकाच्या मांडवात मंत्र्याने कुठे बसावं हे त्यांना कळत होतं. हे कळणं वाचनातून येतं असं मला वाटतं. मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्र राज्य झाल्या झाल्या १९६० मध्येच त्यांनी साहित्य संस्कृती मंडळ स्थापन केलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींना अध्यक्ष केलं, त्यातून विश्वकोशाचं काम वाईला उभं राहिलं. आयुष्याच्या शेवटी 'कृष्णाकाठ' लिहिलं, त्यातलं देवराष्ट्रे आणि कराडचं बालपण वाचताना राजकारण्याचं पुस्तक वाचतोय हे विसरायला होतं.

---

दर्यावर्दी

आमच्या वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै अजून कसे आले नाहीत?

राजापूर मतदारसंघातून १९५७, ६२, ६७ असे तीनदा लोकसभेवर. संसदेला मूलभूत हक्कांत बदल करता येणार नाही असा गोलकनाथ खटल्याचा निकाल १९६७ मध्ये आला, तेव्हा संसदेचा अधिकार परत मिळवण्यासाठी खासगी विधेयक आणलं ते नाथ पैंनी. विरोधी बाकावरच्या एका खासदाराचं विधेयक, पण देशभर त्यावर चर्चा झाली. इंग्रजी, संस्कृत, मराठी, मालवणी, ज्या सभेला जी भाषा हवी ती. आमच्या घरातले थोरले सांगतात की मांडवावर आलेल्या कोळणीशी ते जेवढ्या रसाने बोलत तेवढ्याच रसाने संसदेत. १७ जानेवारी १९७१ ला बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेत बोलले आणि दुसऱ्या दिवशी गेले. वय ४८.

त्यांच्या जागी मधु दंडवते आले. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, पुढे रेल्वेमंत्री, अर्थमंत्री. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या काळात. कोकणाने सलग पस्तीसेक वर्षं असे खासदार दिले याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

---

भाग्यनगरी

हैदराबादेतून लिहितो. इथल्या मराठी माणसांना पी. व्ही. नरसिंह रावांबद्दल विशेष आपुलकी आहे. तेलुगू माणूस, पण मराठी उत्तम. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीचा तेलुगू अनुवाद त्यांनी केला. विधवेच्या यातनांची कादंबरी, एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याच्या घरगुती मराठीतली. ती भाषा कळायला नुसता कोश पुरत नाही, ती घरं माहीत असावी लागतात. विश्वनाथ सत्यनारायणांची तेलुगूतली प्रचंड कादंबरी 'वेयि पडगलु' त्यांनी हिंदीत नेली, 'सहस्रफण' नावाने. १९८४ आणि ८९ ला ते रामटेकमधून निवडून आले. कालिदासाच्या मेघदूतातल्या रामगिरीचा मान ज्या गावाला दिला जातो, तिथून एक अनुवादक लोकसभेत जातो, हे मला फार आवडतं.

मेघदूतावरून आठवलं : चिंतामणराव देशमुखांनी त्याचा मराठी अनुवाद केलेला आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा.

---

मांडवी

गोव्यातून एक नाव. विष्णू सूर्या वाघ. कवी, नाटककार, पत्रकार, २०१२ ला सांत आंद्रेचे आमदार, विधानसभेचे उपसभापती. मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहिलं आणि दोन्हींत भांडणं ओढवून घेतली. 'सुदीरसूक्त' या कोंकणी कवितासंग्रहावरून २०१७ मध्ये केवढा गहजब झाला, तेव्हा ते आजारी होते, स्वतःची बाजू मांडायला उभे राहू शकले नाहीत. २०१९ ला गेले. सभागृहात कविता म्हणणारे खूप असतात, स्वतःची कविता म्हणणारे थोडे.

---

मंजुघोष

स्वतःची कविता म्हणणाऱ्यांवरून : विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या १२ जागा असतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार, समाजसेवा यांतलं ज्ञान किंवा अनुभव असलेल्यांसाठी. ग. दि. माडगूळकर १९६२ ते ७४ त्या सभागृहात होते. ना. धों. महानोर १९७८ मध्ये आले. महानोरांनी तिथे केवळ कविता म्हटल्या नाहीत. पळसखेड्याचा हा शेतकरी पाणी अडवण्याबद्दल, फळबागांबद्दल, कोरडवाहू शेतीबद्दल तपशिलाने बोलला. केंद्रातही तसंच : राज्यसभेवर मामा वरेरकर होते, 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिणारे पां. वा. काणे होते.

आणि आता? नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने राज्यपालांकडे पाठवलेल्या १२ नावांवर निर्णयच झाला नाही. सरकार बदललं, यादी मागे घेतली, प्रकरण कोर्टात गेलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जागा भरल्या, त्यांत साहित्यिक नाही. या जागांसाठी साहित्य संमेलनाने दरवर्षी ठराव करावा, पत्रं लिहावीत, पाठपुरावा करावा, असं मला मनापासून वाटतं. आपण वाचकांनीही स्वस्थ बसू नये.

---

प्रीतिसंगम

+१. पाठपुराव्याला मी तयार आहे.

---

तळटीप

अत्र्यांचं नाव पहिल्याच परिच्छेदात आलं आणि मग कुणी फिरकलं नाही. किश्शांमुळे खरे अत्रे झाकले जातात, ही धागाकर्त्याची तक्रार रास्त आहे. पण त्यांची तयारी बघा. लंडनहून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आलेले मुख्याध्यापक. मुलांसाठी वाचनमाला लिहिली. 'झेंडूची फुले' हा विडंबनसंग्रह १९२५ चा. विडंबन करायचं तर मूळ कविता हाडीमाशी मुरलेली लागते. वृत्त, शब्दकळा, कवीची खोड, सगळं. ती तालीम तीस वर्षं झाल्यावर १९५६ मध्ये 'मराठा' दैनिक निघालं आणि १९५७ ला ते संयुक्त महाराष्ट्र समितीतर्फे दादरहून निवडून आले. म्हणजे विधानसभेत शिरलेला माणूस आधी शिक्षक होता, मग विडंबनकार, मग संपादक. शिवाजी पार्कावर लाखभर लोकांना एका वाक्यात हसवून पुढच्या वाक्यात संतापवायचं, हे त्या क्रमाने कमावलेलं होतं.

त्यांच्या अग्रलेखांतला काही मजकूर आज वाचवत नाही, व्यक्तिगत टीका फार खाली उतरते. पण वाचन कमी पडलं म्हणून ते घडलं असं कुणी म्हणणार नाही. संयम हा वेगळा गुण आहे.

---

शब्दाली

तळटीप, शेवटच्या परिच्छेदाशी सहमत. आंबेडकरांच्या भाषणांत मला तो संयम दिसतो. नीरक्षीर, संविधान सभेचे बारा खंड एकदम घ्यायची हिंमत होत नाही. सुरुवात कुठून करू? मराठी मुलीला कळेल असं, आणि बायकांच्या प्रश्नावरचं काही असेल तर उत्तम.

---

नीरक्षीर

शब्दालीताई, तुम्ही संविधान सभेपासून सुरुवातच करू नका. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेली आंबेडकरांच्या लेखन-भाषणांची मालिका आहे, तिचा दुसरा खंड घ्या. मुंबई कायदेमंडळातली त्यांची भाषणं त्यात आहेत. १९२८ मध्ये गिरणीत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून विधेयक आलं होतं, त्यावरचं भाषण जेमतेम दोन-तीन पानांचं आहे. बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती देणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मालकाने व सरकारने उचलावा, एवढाच मुद्दा, एकही शब्द वाया नाही. तिथून तेराव्या खंडाकडे या, त्यात संविधान सभेतलं काम एकत्र केलं आहे. ४ नोव्हेंबर १९४८ चं भाषण त्यातच मिळेल, ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोटचा उतारा आहे ते.

खंड इंग्रजीत आहेत. १९२८ च्या भाषणाचा मराठी गोषवारा मी रविवारपर्यंत इथेच टाकतो. चंद्रभागाताई, विसापूरच्या प्रयोगाबद्दल तुम्ही सविस्तर लिहाल का? आणि कंधारकर, गुराखी संमेलनाचा धागा तुमच्याकडे लागला.

---

कंधारकर

लागला. संमेलनाला गेलेली दोन-तीन जाणती माणसं अजून गावात आहेत, त्यांच्याकडून ओव्या उतरवून घेतो आणि मगच लिहितो.